मुलगा म्हणतो, कमांडो व्हायचंय

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'आयटी क्षेत्रातील संधी' हा विषय दिला होता. मी तो बदलून मागितला. आयटीतल्या संधींबद्दल हल्ली पेपरात जे छापून येतं ते वाचून माझीच झोप उडते, तुम्हाला मी काय सांगणार! दुसरं कारण असं की गेल्या वर्षभरात तुमच्यापैकी तिघांचे मला फोन आले आणि तिघांचा प्रश्न एकच होता. "तुझा मुलगा कमांडो व्हायचं म्हणतोय ना? आमचाही तेच म्हणतोय. काय करायचं असतं गं त्यासाठी?" प्रत्येकाला मी फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. आज एकदाच नीट सांगते.

माझा मुलगा अकरावीत आहे. २०१९ साली तो दहा वर्षांचा होता. जानेवारीत 'उरी' पिक्चर आला, आणि जूनमध्ये विश्वचषकात धोनीच्या ग्लोव्हजवर ते खंजिराचं चिन्ह दिसलं. आयसीसीनं हरकत घेतली आणि आमच्या घरात ते चिन्ह कायमचं मुक्कामाला आलं. मला वाटलं, जसं अंतराळवीर व्हायचं मागे पडलं तसं हेही पडेल. पडलं नाही. आता तो रोज पाच वाजता उठून तळजाई टेकडीवर पळायला जातो. आमच्या सोसायटीत त्या वेळी जागे असणारे दोघंच, दूधवाला आणि हा.

मी इंजिनिअर. एखादी गोष्ट आतून कशी चालते हे कळल्याशिवाय मला तिला हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. म्हणून मी वाचायला लागले, पुण्यात राहणाऱ्या दोन-तीन निवृत्त अधिकाऱ्यांना भेटले. पण सगळ्यात जास्त शिकले ते आपल्याच वर्गातल्या एकाकडून. तो आत्ता या सभागृहात बसला आहे. "सांग, पण नाव नको. नाव घेतलंस तर उठून जाईन," असं त्यानं बजावलंय, आणि तो खरंच उठून जाईल. त्याच्याकडे मी नंतर येते.

पहिली गोष्ट. कमांडो व्हायची परीक्षा नसते. इंजिनिअरिंगला जशी आपण शाखा निवडतो, कॉम्प्युटर नाही तर मेकॅनिकल, तसा कमांडो हा पर्याय फॉर्मवर नसतो. आधी सैनिक व्हावं लागतं. मग स्वतःहून नाव द्यायचं, मग ते तुम्हाला पारखणार, आणि मग ठेवून घ्यायचं की परत पाठवायचं ते ठरवणार. चौकाचौकांत जे फ्लेक्स लागलेत ना, 'कमांडो ट्रेनिंग, शंभर टक्के यश', ते वाचून मला हसू येत नाही, रागच येतो. पळायला, दोरी चढायला, भरतीच्या पेपरला तिथे शिकवत असतील, चांगलंच आहे. पण कमांडो करून देण्याचा अधिकार बाहेरच्या कुणाकडेही नाही.

आता आपण ज्यांना सरसकट कमांडो म्हणतो ते कोण कोण? लष्करात पॅराशूट रेजिमेंटच्या स्पेशल फोर्सेस पलटणी. नौदलात मार्कोस, १९८७ पासून. हवाई दलात गरुड, २००४ पासून. एनएसजी, म्हणजे २६/११ ला मुंबईत उतरलेले काळ्या कपड्यातले, ही तर कायमची नोकरीच नव्हे. तिथे लष्करातून आणि पोलीस दलांतून ठरावीक काळासाठी माणसं पाठवली जातात. मेजर संदीप उन्नीकृष्णन मूळचे बिहार रेजिमेंटचे होते. माझा मुलगा म्हणतो ते पॅरा स्पेशल फोर्सेस, म्हणून मी तेवढ्यावरच बोलते.

त्याची सुरुवात १९६५ च्या युद्धात झाली. मेजर मेघसिंग यांनी स्वतःहून पुढे आलेली माणसं गोळा करून शत्रूच्या हद्दीत शिरून छापे घालणारी तुकडी उभी केली. तिचं नाव मेघदूत फोर्स. (संस्कृतच्या बाई समोर बसल्यात, त्यांना हे नाव ऐकून बरं वाटेल.) त्यातून पुढच्याच वर्षी ९ पॅरा कमांडो ही पलटण झाली. १९७१ मध्ये १० पॅरा कमांडोनं राजस्थानच्या वाळवंटातून सीमेपार आत घुसून पाकिस्तानातल्या छाछरोवर छापा घातला, तेव्हा नेतृत्व करत होते जयपूरच्या राजघराण्यातले लेफ्टनंट कर्नल भवानीसिंग. आणि आपल्या भागाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे आजची २१ पॅरा स्पेशल फोर्सेस ही मूळची २१ मराठा लाइट इन्फंट्री. १९९६ साली ती पलटण स्पेशल फोर्सेस झाली. २ पॅरासुद्धा मूळची मराठ्यांचीच. ११ डिसेंबर १९७१ ला टांगाइलला आकाशातून उतरली ती हीच.

आत जायच्या वाटा थोडक्यात सांगते. अधिकारी व्हायचं तर बारावीला एनडीए. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, लेखी परीक्षा, मग पाच दिवसांची एसएसबी, मेडिकल, तीन वर्षं खडकवासला, एक वर्ष डेहराडून. ग्रॅज्युएशन करूनही जाता येतं. लेखी परीक्षेत गणिताला पर्याय नाही, हे मी माझ्या चिरंजीवांना रोज सांगते. जवान म्हणून जायचं तर २०२२ पासून अग्निवीर: चार वर्षांची सेवा आणि त्यानंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम. ज्यांची मुलं आत्ता दहावीत आहेत त्यांनी संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची चौकशी करा. राज्य सरकारची आहे, १९७७ पासून चालू आहे, अकरावी-बारावीची दोन वर्षं मुलांना एनडीएसाठी तयार करतात. आणि सगळ्याच्या आधी मुलाला चांगल्या डॉक्टरकडे न्या. सपाट तळवे, एकमेकांना लागणारे गुडघे, डोळे. चार वर्षं पळून झाल्यावर मेडिकलला हे कळण्यात अर्थ नाही.

मुलींचं काय, हे मघाशी एका मैत्रिणीच्या लेकीनं मला विचारलं. आपल्या वेळी एनडीएच्या जाहिरातीत 'अविवाहित पुरुष' असं लिहिलेलं असायचं आणि मी ती जाहिरात वाचून पेपर घडी घालून ठेवला होता. आता ते दार उघडलंय. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये मुली आत गेल्या आणि मे २०२५ मध्ये पहिल्या सतरा जणी खडकवासल्यातून बाहेर पडल्या. पॅरा स्पेशल फोर्सेसचं दार मात्र मुलींना अजून बंद आहे. तू अकरावीत पोहोचेपर्यंत काय होईल कुणी सांगावं, पोरी. गणित पक्कं कर.

तर, सैनिक झालात, नाव दिलंत. पुढे प्रोबेशन. आमच्या कंपनीतही सहा महिन्यांचं प्रोबेशन असतं; त्यात एकच नियम, संगणक चालू करता आला पाहिजे. यांचं प्रोबेशन तीन ते सहा महिन्यांचं. पाठीवर ओझं, हातात शस्त्र आणि वाढत जाणारी अंतरं. झोप मोजून मापून, काही दिवस नाहीच. आणि मधूनच कुणीतरी येऊन डोक्याचं काम देतं. नकाशा, वायरलेस, जखमेवर पट्टी, सुरुंग, आठवणीनं सांगायच्या गोष्टी. कारण प्रत्यक्षात ही माणसं चार-सहा जणांच्या टोळ्यांनी जातात आणि कित्येकदा दिवसचे दिवस एका झुडपात पडून फक्त बघत राहतात. गोळी झाडायची वेळ शेवटी, तीही आली तर. पिक्चरमध्ये ते झुडूप दाखवत नाहीत. तिकिटं कोण काढेल? आग्र्याला पॅराशूटच्या पाच उड्या, त्यातली एक रात्रीची, हे त्यामानानं सोपं. धोनीनंही २०१५ साली त्या पाच उड्या पूर्ण केल्या होत्या. पण उड्या मारून छातीवर पंख मिळतात, खंजीर मिळत नाही. तो प्रोबेशन पार करणाऱ्यांचा. आणि बहुतेक जण ते पार करत नाहीत.

आता आपला मित्र.

पी.टी.च्या सरांना तो आठवतच असेल. पंधराशे मीटरमध्ये तालुक्यात पहिला आलेला, अनवाणी. बारावीनंतर भरतीत लागला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका पलटणीत गेला. चार वर्षांनी त्यानं स्पेशल फोर्सेससाठी नाव दिलं. गावात पेढे वाटले गेले, ते त्यानं नाही, त्याच्या चुलत्यांनी. मी त्याला विचारलं, सगळ्यात अवघड काय होतं? चालणं? तो म्हणाला, "आगं, पाय काय, पाय चालतच असत्यात. डोस्कं थांबतं." एकदा रात्रभर चालून आल्यावर सगळ्यांना खाली बसवलं आणि विचारलं, काल संध्याकाळी सतरंजीवर कोणत्या वस्तू मांडल्या होत्या? याला एकही आठवेना. सतरंजीच आठवेना. शेजारी एक गढवालचा बारका पोरगा होता, जो चालताना सगळ्यांच्या मागे असायचा. त्यानं डोळे मिटून एकेक वस्तू सांगितली.

सातव्या आठवड्यात उस्तादांनी याला बाजूला बोलावून शांतपणे सांगितलं, सामान बांध. कारण दिलं नाही. यानं विचारलंही नाही. त्यांच्या भाषेत याला 'आरटीयू' म्हणतात, म्हणजे पलटणीत परत. सैन्याच्या हिशेबात हा शेरा नव्हे, शिक्षा तर नव्हेच. जिथून आलास तिथे परत जा, तिथेही काम आहे, एवढंच.

पण गावाच्या हिशेबात? तो सुट्टीवर आला, एसटीतून उतरला, आणि स्टँडवरच्या चहावाल्यापासून विचारणा सुरू झाली. झाला का कमांडो? न्हाई झालो. पारावर कुणीतरी म्हणालं, नापास झालं पोरगं. त्याच्या वडिलांसमोर म्हणालं. त्यानंतर दोन वर्षं तो दिवाळीला आला नाही. सुट्टी मिळायची, पण तो ती पावसाळ्यात घ्यायचा, गावात माणसं कमी भेटतात म्हणून. हे मला त्यानं सांगितलं नाही, वहिनींनी सांगितलं. आपण त्या वेळी कॉलेज संपवून नोकऱ्या शोधत होतो आणि यातलं आपल्याला काही माहीत नव्हतं.

पुढची गोष्ट गावात कुणाला ठाऊक नाही, म्हणून आज माईकवरून सांगते. पायदळाच्या प्रत्येक पलटणीत एक 'घातक' प्लाटून असते. साधारण वीस जण, पलटणीतले सगळ्यात कणखर. हल्ल्याच्या वेळी सगळ्यांत पुढे हे. तो परत गेल्यावर त्याच्या कंपनी कमांडरनं त्याला घातकमध्ये घेतलं आणि बेळगावला कमांडो कोर्सला पाठवलं. तो कोर्स त्यानं पूर्ण केला. म्हणजे कमांडो शब्दाचा सैन्यातला अर्थ धरला तर स्टँडवरच्या त्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं होतं. त्यानं ते कधी दिलं नाही. मी विचारलं, का रे? तर म्हणाला, "त्येंनी इचारलं न्हाई परत."

घातक म्हणजे दुय्यम असं ज्यांना वाटतं त्यांनी टायगर हिल आठवावं. ४ जुलै १९९९ च्या पहाटे तो उभा कडा चढून गेले ते १८ ग्रेनेडियर्सच्या घातक प्लाटूनचे जवान. त्यातल्या योगेंद्रसिंह यादव यांना परमवीरचक्र मिळालं. वय एकोणीस. त्यांच्या टोपीचा रंग मरून नव्हता.

आपला मित्र हवालदार म्हणून निवृत्त झाला. आता एका साखर कारखान्यावर सुरक्षा बघतो. चोवीस वर्षांतली किती वर्षं तो घरी होता याचा हिशोब वहिनींकडे आहे, आणि तो आकडा मी इथे सांगणार नाही, कारण मला सांगतानाही त्या मधेच चहा ठेवायला उठल्या होत्या. त्या म्हणाल्या, "फोन आला की आधी ते काय बोलत्यात त्याच्याकडं लक्षच नसायचं. आवाज आला की झालं."

या वाटेवर जे अखेरपर्यंत जातात त्यांच्याबद्दलही बोललं पाहिजे, आणि साताऱ्यात उभं राहून बोलताना एक नाव टाळता येत नाही. कर्नल संतोष महाडिक. पोगरवाडीचे, सातारच्या सैनिक स्कूलचे विद्यार्थी, २१ पॅरा स्पेशल फोर्सेसचे अधिकारी. आपल्याहून थोडेच मोठे. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्याच्या जंगलात ते शहीद झाले तेव्हा ते ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते. म्हणजे स्पेशल फोर्सेसचा अधिकारीही आयुष्यभर तिथेच राहतो असं नाही. त्यालाही दुसऱ्या तुकड्या सांभाळाव्या लागतात, आणि ते स्वतः जवानांच्या पुढे होते. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी नंतर चेन्नईला प्रशिक्षण घेतलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लष्करात अधिकारी झाल्या, दोन लहान मुलं असताना. मी त्यांच्याबद्दल यापेक्षा जास्त बोलणार नाही. बोलायला लागले की मला त्यांच्या जागी मी दिसते, आणि त्यापुढे विचार जात नाही.

माझ्या आईचं म्हणणं अगदी सरळ आहे. "एकुलतं एक पोर, आणि तू त्याला धावायचे बूट घेऊन देतीस?" नवऱ्याचं म्हणणं, बारावीपर्यंत उतरेल भूत. दोघांनाही मी काही उत्तर देत नाही. मरणाची भीती मला वाटते आणि ती वाटणारच. त्यावर कुठल्याही पुस्तकात उपाय सापडला नाही. पण ती सगळ्याच फौजींच्या आयांना वाटते, आपल्या तालुक्यात तर पिढ्यान् पिढ्या वाटत आलीय. मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची होती. मुलानं जे स्वप्न धरलंय त्यात बहुतेकांना परत पाठवतात, आणि परत आलेल्याशी आपण कसं वागतो ते मी आपल्या मित्राच्या गोष्टीत ऐकलं होतं.

म्हणून मी मुलाला 'जमेल का?' असं विचारलंच नाही. अकरावीतल्या मुलाला तो प्रश्न विचारला की उत्तर ठरलेलं असतं. एका रविवारी भांडी लावताना मी त्याला विचारलं, "समजा सातव्या आठवड्यात तुला सांगितलं, सामान बांध. आणि मग वीस वर्षं साध्या पलटणीत, कुठल्या तरी बर्फातल्या चौकीवर, मरून टोपीशिवाय. तेव्हाही तुला सैनिक व्हायचं असेल का?"

त्याला राग आला. "तुला माझ्यावर विश्वासच नाही," म्हणाला आणि खोलीत निघून गेला. दोन दिवस धड बोलला नाही, पळायला मात्र गेला. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यानं विचारलं, "आई, तुझा तो मित्र परत आल्यावर पलटणीत पहिल्या दिवशी काय झालं असेल गं? म्हणजे, बाकीचे काय म्हणाले?"

मला माहीत नव्हतं. मी फोन लावून त्याच्या हातात दिला. पाऊण तास बोलणं झालं, दार लावून. काय बोलले ते मुलानं सांगितलं नाही आणि मित्रानंही नाही. दुसऱ्या दिवशी मुलानं भिंतीवरचं खंजिराचं पोस्टर काढलं नाही. पण एनडीएच्या जुन्या प्रश्नपत्रिकांची प्रिंट मागितली. त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. मी पुन्हा विचारलेलंही नाही.

माझ्या त्या प्रश्नामुळे त्याच्या मनात शंका पेरली गेली, असं आमच्या घरात एक मत आहे. मला ते पटत नाही. सातव्या आठवड्याच्या पहाटे एखाद्या नाल्यात उभं असताना हा प्रश्न पहिल्यांदा भेटण्यापेक्षा घरी भांडी लावताना भेटलेला बरा. तिथे निदान राग आला तर खोलीत जाऊन दार आपटता येतं.

तुम्हा तिघांना मी हे सगळं फोनवर सांगितलं नव्हतं, कारण त्यातली अर्धी गोष्ट माझी नव्हती. ती सांगायची परवानगी मला मागच्या महिन्यात मिळाली, तीही पी.टी.च्या सरांनी मध्यस्थी केल्यावर. सर, आभारी आहे.

आता जेवणाची सुट्टी होईल. जेवणानंतर तो मागच्या मैदानावर, उंच उडीच्या खड्ड्यापाशी बसणार आहे. ज्या मुला-मुलींना सैन्याविषयी काही विचारायचंय त्यांनी तिकडे जावं. त्याची एकच अट आहे: पोरांना पाठवा, आई-बापांनी लांब बसायचं. मीही लांबच बसणार आहे.